किलकेनीतला राब

माझ्या सासूबाईंना जगातली कुठलीही गोष्ट आधी भाजून घ्यायची सवय होती. रवा, दाणे, सुकं खोबरं, पापड, इथवर कुणाचीच हरकत नव्हती. आमच्याकडे किलकेनीला आल्यावर आयर्लंडचे ओट्सही त्यांनी तुपावर खमंग भाजले आणि मगच नातवाच्या तोंडाला लावू दिले. "कच्चं कशाला घालता पोटात?" असा त्यांचा प्रश्न असे. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेल्या बाईंच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, एवढं शहाणपण मला लग्नातच आलं होतं.

त्या आल्या होत्या मेघनाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या बाळंतपणाला. २०२० चा फेब्रुवारी. तीन महिन्यांचा बेत होता. मार्चमध्ये जग बंद झालं आणि तीन महिने वर्षावर गेले. मेघना डॉक्टर, रजा संपताच हॉस्पिटलात रुजू झाली. मी घरून काम करणारा इंजिनिअर, म्हणजे सासूबाईंच्या मते दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून लोकांना 'ऐकू येतंय का' विचारणारा. जावयाचा मान काय तो पहिले तीन महिने. पुढे मी लसूण सोलायला लागलो.

चिपळूणजवळच्या गावी माझे सासरे, आप्पा, एकटे होते. डिसेंबरात व्हिडिओवर ते सहज म्हणाले, "यंदा राब नाही भाजत. कंबर वाकत नाही. राहू दे शेत पडीक." भाताचं रोप करायच्या जागेवर कोकणात कवळ, म्हणजे तोडलेल्या फांद्या आणि पाला पसरतात, वर शेण-माती घालतात आणि ती जागा पावसाळ्याआधी भाजून काढतात, तो राब. तण मरतं, राख मिळते.  दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई माझं जाकीट घालून मागच्या अंगणात उभ्या होत्या.

"केवढी जागा वाया घालवलीत हो संदीपराव. गवत लावायचं, कापायचं नि फेकायचं. निदान गाय तरी पाळायची."

मी गाय पाळली नाही म्हणून त्यांनी हिरवळ खणायला काढली. खणायला मी आणि काढायला त्या, अशी कामाची वाटणी झाली. हिरवळीखाली बिल्डरने आमच्यासाठी विटांचे तुकडे, पाइप आणि एक अख्खा बूट जपून ठेवला होता. कुंपणापलीकडून नोएल बघत असे. हा आमचा शेजारी, बायको गेल्यापासून एकटा, बटाट्यांवर आणि हवामानाच्या बातम्यांवर जगणारा. त्याने त्याचं फावडं दिलं आणि सल्लाही दिला. मे संपेपर्यंत नाजूक काही पेरू नका, रात्री दंव गोठतं आणि रोपं मारून टाकतं. मी त्याचं भाषांतर केलं.

"त्याला म्हणावं, आमच्याकडे पाडव्याला पेरतात," सासूबाई म्हणाल्या. हे त्यांच्याकडेही खरं नव्हतं, पण परदेशात आपल्याकडच्या चालीरीती वाढतात.

जानेवारीत नाताळ उतरला. लोकांनी घरातली ख्रिसमसची झाडं दिवे काढून दारात टाकली, पालिकेने न्यावीत म्हणून. त्यातली आमच्या गल्लीतली सगळी सासूबाईंनी नेली. तोंडाला मास्क, अंगावर माझं जाकीट, हातात ओढलेलं झाड. दिसेल त्या दाराशी थांबून त्या विचारत, "यू वॉन्ट? नो वॉन्ट?" एवढ्या इंग्रजीवर त्यांनी मागचं अंगण भरलं. मी विचारलं तेव्हा "कवळ" एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, वाळवून कुंपण करतील. शिकलेला माणूस असंच काहीतरी वाटून घेतो.

मार्च अखेरीस एका कोरड्या दुपारी मी मीटिंगमध्ये असताना माझ्या मागच्या खिडकीत ज्वाळा दिसल्या. त्या मला नाही, स्क्रीनवरच्या, डब्लिनजवळ सिटीवेस्टला बसणाऱ्या माझ्या मॅनेजरला आधी दिसल्या. पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी असलेल्या आमच्या वस्तीला वर्षभरात मिळालेली ती पहिली करमणूक. लोक दोन मीटर अंतर राखून खुर्च्या टाकून बसले. परसात असलं काही जाळायला कायद्याने मनाई आहे, हे मला बंब आल्यावर कळलं.

बंबवाल्यांनी पाइप उलगडला आणि सासूबाई पाइप आणि राब यांच्यामध्ये जाऊन उभ्या राहिल्या. "पाणी नाही मारायचं. राख वाहून जाईल." मी जन्मभर काय इंजिनिअरिंग केलं ते सगळं त्या क्षणी आठवेनासं झालं. तेवढ्यात नोएल कुंपणावरून म्हणाला, "बाबांनो, त्यांचा धार्मिक विधी आहे. संपतच आलाय." पुढचा बंबवाला हेल्मेट काढून उभा राहिला. पाइनची झाडं ती, भडकली तशी विझली. जाताना त्यांनी मला तंबी दिली आणि सासूबाईंनी त्यांना चहा विचारला.

संध्याकाळी मी चिडून बाहेर गेलो, तर त्या राखेपाशी उकिडव्या बसल्या होत्या, हात शेकत. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तिथलं पडीक राहिलं. हे तरी भाजलं." माझं चिडायचं राहूनच गेलं.

पाडव्याला त्यांनी गावाहून आणलेलं लाल माठाचं बी पेरलं. आठवड्याभरात आप्पांना ताप आल्याचा फोन आला. तिकडे दुसरी लाट होती. मेघना डॉक्टर असूनही रडली, आई, आत्ता जाऊ नकोस म्हणून. "राब भाजला, बी पेरलं. आता माझं इथे काय काम गो?" म्हणत त्यांनी बॅग भरली. विमानतळावर मला म्हणाल्या, "पाणी घाला. मीटिंगा काय पळून जात नाहीत." त्या परत दिसतील की नाही, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, आणि मी त्यांना मास्क नीट लावा एवढंच सांगू शकलो.

माठ उगवला. मेच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री दंव गोठलं आणि सकाळी सगळा वाफा काळा झाला होता. तिकडे त्या आप्पांच्या उशाशी बसलेल्या, आणि व्हिडिओवर रोज दोनच प्रश्न, नातू जेवला का आणि माठ कसा आहे. मी नोएलच्या काचघरात जाऊन बिटाची कोवळी लाल पानं माठ म्हणून दाखवायला लागलो. आप्पांचा ताप उतरेपर्यंत हे चाललं. उतरला त्या दिवशी त्या म्हणाल्या, "संदीपराव, तो बीट शेजाऱ्याला परत करा. आणि प्रेसमध्ये ओट्सच्या मागे डबी आहे, त्यात निम्मं बी आहे. सगळं एकदम पेरायला मी काय वेडी आहे?"

आमच्याकडे राहून कपाटाला प्रेस म्हणायला त्या शिकल्या होत्या. नोएलचं ऐकायला मात्र नाही, असं मला उगाच वाटत होतं.

जूनमध्ये पेरलं ते बी आलं. त्यातलं बी धरलं, पुन्हा पेरलं, दर वर्षी. त्या मात्र इकडे पुन्हा आल्या नाहीत. गेल्या पावसाळ्यात, भाताची आवणी, म्हणजे लावणी, आटोपल्यावर, त्या गेल्या. मला त्यांची फार आठवण येते, विशेषतः लसूण सोलताना.

यंदा वाफा तयार करत होतो तर नोएल कुंपणाशी आला. मी पेरून उरलेलं डबीत परत ओतताना बघून म्हणाला, "आता मे संपलाय. टाक सगळं, काही होत नाही."

"सगळं पेरायला मी काय वेडा आहे?" मी मराठीतच म्हणालो.

"ग्रँड," नोएल 'बरं' म्हणावं तसं म्हणाला आणि त्याने डबीचं झाकण माझ्या हातात दिलं.