जुन्या संगणकाची गेलेली कार्डं

नोकरीत खून-दरोड्यांचे तपास पुष्कळ केले, पण आठवण सांगा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे ही साधी चोरीच उभी राहते.

वाशिम जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. एका महाविद्यालयाचे प्राचार्य फिर्याद घेऊन आले. बंद पडलेल्या सूतगिरणीतला कपाटाएवढा जुना संगणक त्यांनी दुरुस्त करून मुलांना दाखवण्यासाठी आणला होता. त्याचं उद्घाटन तोंडावर आलं आणि संगणकातली सगळी सर्किट कार्डं गायब झाली.

अशा कार्डांवर सोन्याचा मुलामा असतो, म्हणून आम्ही आधी भंगारवाले तपासले. हाती काही लागलं नाही. पंचनाम्यात मात्र एक गोष्ट खटकली होती. एकही वायर तोडलेली नव्हती. उलट प्रत्येकीचं टोक कापडात गुंडाळलेलं होतं. घाईतला चोर एवढी काळजी घेत नाही.

मग कामरगावच्या एका जीपवाल्याने आमच्या हवालदाराला खबर दिली. "त्या कॉम्प्युटरवाल्या म्याडम पेटी टपावर ठेवूच देत नव्हत्या. मांडीवर घेऊन बसल्या. म्या म्हनलं, काचेचं हाये काय? तं म्हने, त्याहून नाजूक."

या बाई सूतगिरणीत तोच संगणक चालवायच्या आणि आता दुरुस्तीच्या कामातही होत्या. बाईमाणूस, त्यातून वय साठीच्या पुढचं, त्यामुळे चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नव्हतं. महिला शिपायाला सोबत घेऊन मी त्यांच्या घरी गेलो.

"कार्डं तुम्ही नेली?"

"हो, मीच नेली."

"कशासाठी?"

"प्राचार्य हे कार्डं फेकून आत आजकालचा छोटा कॉम्प्युटर बसवून राह्यले होते. वरून दिवे लागले असते, लोकायनं टाळ्या वाजवल्या असत्या. पन मंग तो आपला संगणक कायचा? नुसतं कपाट! मी म्हनलं थांबा, मी दुरुस्त करते. कोनी ऐकलंच नाही."

"वस्तू कॉलेजची आहे, बाई."

"मले आत टाका, साहेब. पन कार्डं फेकू देऊ नका."

आरोपी बहुधा नजर चुकवतो. बाई सरळ माझ्याकडे पाहत होत्या. पेटी त्यांनी स्वतःच काढून दिली. गंज काढलेली, पुसलेली कार्डं आत ओळीने लावली होती. पंचांसमक्ष मुद्देमाल जप्त केला आणि प्राचार्यांना बोलावलं.

माणूस वाईट नव्हता. "पोरायले चालू संगणक दाखवायचा होता," ते म्हणाले.

मी सांगितलं, "संगणकाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. माझ्या अहवालात मात्र लबाडीचा हेतू दिसला नाही, असंच जाईल."

पेटीतली पुसलेली कार्डं त्यांनी वाकून एकेक पाहिली. मग त्यांनी उद्घाटन पुढे ढकललं. न्यायालयाने अहवाल मान्य केला, कार्डं कॉलेजला परत मिळाली आणि बाई पुन्हा कामाला लागल्या. मध्येच एक भाग जळाला. तसाच भाग मिळवायला त्या किती गावांचं भंगार धुंडाळत फिरल्या! अखेर एका दुपारी संगणक घरघरला आणि हिरव्या अक्षरांची एक ओळ पडद्यावर उमटली. बाईंनी पदराने डोळे पुसले. प्राचार्य हळूच म्हणाले, "म्याडम, आता मले शिकवा."

मुद्देमाल मिळाला की तपास संपला, असं मानायची आम्हा पोलिसांना सवय असते. नेलेल्या वस्तूचं त्या माणसाने पुढे काय केलं, हेही पाहायला मी या प्रकरणात शिकलो. त्यानंतर प्रत्येक आरोपीला मी तो प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर संपेपर्यंत मध्ये बोललो नाही.