मधला कागद

जेवण झाल्यावर आरामखुर्चीत पाय पसरतो. डोळा लागता लागता उघडतो. राग झोपू देत नाही.

रागाचं कारण रद्दीच्या गठ्ठ्यावर पडलंय. दिगू सबनीस, माझा शाळेपासूनचा मित्र, दिवाळीनंतर गेला. आम्हा दोघांना एकच खूळ: लाकडी ठशांनी छापलेली जुनी जपानी चित्रं. त्यातलं एक चित्र तीन कागदांचं, बर्फातल्या पुलाचं. असे कागद सुटेही विकले जात. डावा आणि उजवा माझ्याकडे, मधला दिगूकडे. डावीकडची बाई मान वळवून लाजतेय, उजवीकडचा हमाल तोंड फाडून हसतोय. कुणाकडे बघून, ते मधल्या कागदाला ठाऊक. दिगूनं तो मला जन्मात दाखवला नाही. "आधी तुझे दोन दे," म्हणायचा. चिक्कटपणात मीही त्याला हार जाणारा नव्हे.

आज सकाळी कुमुदवहिनींनी त्याची फाइल पाठवली. आत चित्र नाहीच. चित्रावर झाकायचा साधा कागद तेवढा. "चित्र कुठं गेलं ते मलाही ठाऊक नाही हो, भालूभावजी," वहिनी फोनवर म्हणाल्या. मी तो कागद रद्दीवर भिरकावला.

"झोपलास?" दिगू विचारतो.

समोरच बसलाय, मफलरसकट. तो मेलाय हे मला माहीत आहे, पण आधी कामाचं.

"मधला कागद कुठंय?"

"रांगेतनं ये."

तो एस्टी स्टँडवरच्या रिझर्व्हेशनच्या खिडकीआड आहे. मी मागं बघतो. रांगेत मी एकटाच.

"दिगू, चेष्टा पुरे. कुठंय?"

"दिला कुणाला तरी."

"कुणाला?"

"आठवत नाही. मेलेल्या माणसाला एवढी तरी सवलत द्या की राव!"

"अरे, मग आधी एकदा दाखवायचास तरी!"

"दाखवला असता तर दर रविवारी कशाला आला असतास? कुमुदचा चहा प्यायला?"

कुमुदवहिनींचा चहा मी ओळखून आहे. 

खिडकी नाही. पंचगंगेचा पूल आहे आणि त्यावर बर्फ पडतोय. कोल्हापुरात बर्फ, आणि कुणाला त्याचं काही नाही. या टोकाला ती बाई लाजतेय, त्या टोकाला हमाल हसतोय. मधे कुणीतरी उभं आहे. मी धावतो, पाय रुततात. नेमका दिगू आडवा येतो आणि भलीमोठी हिरवी छत्री उघडतो.

"बाजूला हो!"

"कागदाची पाठ बघितलीस?"

"बाजूला हो म्हणतो ना, दिगू!"

"हिरव्या रंगाला शेजार सोसत नाही, भाल्या. डाग पाडतोच."

छत्री जवळ येते. सगळं हिरवं होतं, मग तपकिरी.

जागा होतो. ऊन खिडकीत आलंय. रद्दीवर टाकलेला कागद माझ्या छातीवर आहे, पालथा.

त्याच्या पाठीवर फिकट तपकिरी डाग आहेत. एक मोठा गोल, त्याखाली रुंद बाही, झग्याचा घोळ, पुलाच्या कठड्याची रेघ. वर्षानुवर्षं चित्राला चिकटून राहिल्यानं जुना हिरवा रंग या कागदात तपकिरी होऊन उतरलाय, आरशातल्यासारखा उलटा. मी कागद फिरवून उजेडासमोर धरतो. छत्री सुलट होते.

कपाटातून माझे दोन कागद काढतो, खिडकीच्या काचेवर मधे हा धरतो, बाजूंना ते. पूल जुळतो. बाईची नजर आणि हमालाचं हसू दोन्ही छत्रीखाली एकाच जागी पोचतात.

तिथं काही नाही. या चित्रांत चेहऱ्याला रंग देतच नाहीत, कोरा कागद हीच कातडी. डाग पडायला तिथं रंगच नव्हता.

मी त्या स्वच्छ जागेवर बोट ठेवतो.

"दिगू," मी म्हणतो, "बाजूला हो."