अर्थाची तार

श्रावणातला शनिवार, १९७४. ठिकाण: पाटण, आमचं घर. हजर: वडील म्हणजे आबा, वहिनी आणि मी. गैरहजर: भाऊ, पलटणीत; धाकटी बहीण, सांगलीत.

धाकटीसाठीच मी सकाळच्या एसटीने साताऱ्याहून आले होते. लग्न होऊन ती विश्रामबागला राहायला गेली होती आणि त्या दुपारी आकाशवाणीच्या सांगली केंद्रावरून महिलांच्या कार्यक्रमात बोलणार होती. विषय: साठवलेल्या धान्याची कीड.

धाकटी लहानपणी बोलताना अडखळायची. 'क' आला की थांबायची. आबा तिला गोठ्यात नेत आणि म्हशीला गोष्ट सांगायला लावत. म्हैस हसत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. पुढे ती बरीच सुधारली, पण परक्या माणसांपुढे बोलताना आबांनी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"इषय बी 'क'चाच दिलाय," आबा म्हणाले. "कीड म्हणताना अडकंल ती."

"मग भुंगा म्हणंल," वहिनी म्हणाली.

"ती अडकली का रेडू अडकला, त्ये मला कळाया पायजे."

तेच कळण्यासारखं नव्हतं. भावाने सुट्टीत आणलेला रेडिओ नुसता खरखरत होता. माजघरात तांब्याच्या जाळीची पट्टी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली होती, ती एरियल. बाहेर बांबू उभारून तार लावायला आबांची सक्त मनाई; वीज घरात येते म्हणून. त्या आठवड्यात वहिनी कराडला गेली होती, तेव्हा तिने तिथल्या रेडिओच्या मेस्त्रीला विचारलं होतं.

"काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"म्हणाला, खरखर आली की आधी अर्थ लावा."

"तवापास्नं लावतूय," आबा म्हणाले. "कान लावून बसतूय. दिल्लीचा लागत न्हाई, सांगलीचा बी न्हाई. निस्ती खरखर. तिचा काय अर्थ लावू?"

मी रेडिओ फिरवून मागची बाजू बघितली. तारेसाठी दोन भोकं. एकात एरियलची तार, दुसरं रिकामं.

"आबा, हा इंग्रजीतला अर्थ. अर्थ म्हणजे जमीन. या भोकातनं तार काढून जमिनीत सोडायची."

आबांनी वहिनीकडे बघितलं.

"मेस्त्री बोलला त्येच मी सांगितलं," वहिनी म्हणाली. "तुमी मान हलवलीसा, मला वाटलं समजलं."

"मला बी वाटलं," आबा म्हणाले.

कामाला लागलो. मोरीजवळची जमीन कायम ओली, तिथे पहार ठोकली. तारेचं टोक विळ्याने खरवडून पहारीला घट्ट गुंडाळलं, दुसरं रिकाम्या भोकात. खरखर बरीच कमी झाली. माणूस बोलतोय हे कळायला लागलं, काय बोलतोय ते नाही.

मग मी वर बघितलं. भूकंपानंतर माजघरावर पत्रे घातले होते. पडवीवर अजून कौलंच होती. पत्र्याखाली आवाज पोचेल कसा? पट्टी सोडून पडवीत ताणली. आता तिची तार रेडिओपर्यंत पुरेना, म्हणून घरातला तारेचा एक तुकडा पीळ देऊन जोडला. जोड दाराच्या चौकटीवर आला. वहिनीने सुई हळूहळू फिरवली आणि सांगलीचे बाजारभाव स्वच्छ ऐकू आले. हळद, गूळ, शेंगा.

"आता लागला अर्थ," आबा म्हणाले.

धाकटीचा आवाज आला तेव्हा आबांनी मांडी मोडून उकिडवं बसून घेतलं. ती बोलत होती. कीड आली, गेली. कणगी आली. कोठार आलं. प्रत्येक वेळी आबांची मूठ वळायची आणि सुटायची. वहिनी दारापासून लांब, चुलीपाशी, हातात उलथणं घेऊन उभी होती.

"यासाठी घरात सहज मिळणारा उपाय म्हणजे..." धाकटी म्हणाली, आणि आवाज थांबला. एक श्वास घ्यावा एवढा वेळ. खरखर नाही, काही नाही. मग "कडुलिंबाचा पाला," आणि तिथून शेवटपर्यंत ती कुठेही थांबली नाही.

कार्यक्रम संपला. आबा आमच्याकडे न बघता म्हणाले, "मदी तार हालली."

"माझाच धक्का लागला आसंल, मामंजी," वहिनी चुलीपासून म्हणाली.

"व्हय. जोड ढिला हाय त्यो." आबा उठले. "बाकी बोलली ब्येस. म्हशीला सांगाया पायजे." गोठ्याकडे जाता जाता त्यांनी मला बजावलं, "त्यो जोड तेवढा पक्का करून घे."

मी स्टुलावर चढून जोड ओढून बघितला. हलला नाही.

तरी काम माझ्या यादीत आहे. कराडच्या मेस्त्रीला बोलवायचं, जोडाला डाख द्यायचा. आबा दर खेपेला आठवण करतात, आणि पुढच्या खेपेला नक्की, असं मी दर खेपेला सांगते. मेस्त्रीला अजून बोलावलेलं नाही.