टाळीची जागा

सुमनबाई चहासुद्धा शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या. "साखर कमी टाकजो वं पोरी!" म्हटलं की पलीकडच्या गल्लीत कळायचं, आज बाईंना शुगरची आठवण झालीय. अख्खा जन्म पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत गेलेला. वडशात आमचं घर त्यांच्या भिंतीला लागून. बाई गेल्या आणि गल्ली मुकी झाली.

टीव्हीवरच्या एका जुन्या गाजलेल्या मालिकेत, एकाच भागात, त्यांना मुलगा गमावलेल्या आईचं काम मिळालं होतं. त्यात ऐन दुःखाच्या वाक्यानंतर बाई गप्प उभ्या राहिल्या. झालं! "सुमन टीव्हीवर डायलॉग विसरली," हे गावाने धरलं ते सोडलंच नाही.

"विसरली नाई मी!" बाई फणकारायच्या. "टाळीले जागा सोडली होती. आपल्या इथी वाक्य पडलं का टाळी येते, टाळी सरली का पुढचं वाक्य. त्या कॅमेऱ्यापुढं कोनी टाळी वाजवत नाई, हे मले काऊन नाई सांगितलं?"

सबब म्हणून झकास होती. पण चेष्टा त्यांना लागायची. तो भाग लागला तेव्हा त्या दौऱ्यावर होत्या, आणि नंतर पाहायचा धीर झाला नाही.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या मुलीला तो मोबाइलवर सापडला. दुपारी आमच्या टीव्हीवर लावला, गल्लीतल्या बाया जमल्या. अर्धा भाग दोन भाऊ नुसते जमिनीच्या वाटणीवरून बोलत बसलेले. मालिका एवढी नावाजलेली, पण हा भाग म्हणजे निव्वळ जांभया. "आपलं पब्लिक असतं तर खुर्च्या फेकल्या असत्या," बाई म्हणाल्या. पण पदराचं टोक त्यांनी मुठीत आवळलं होतं.

मग तरुण सुमनबाई आल्या. रिकाम्या पाटासमोर ताट ठेवलं. "भात वाढलाय. गार झाला तर तो जेवायचा नाही."

आणि थांबल्या.

सगळ्यात जास्त चिडवणाऱ्या मंगलाबाईंनी डोळे पुसले आणि टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच. टाळ्या ओसरल्या आणि पडद्यावरच्या बाई बोलल्या, "थांबा, गरम करून आणते." जागा बरोब्बर तेवढीच सोडलेली होती!

मी बाईंकडे पाहिलं. गाल ओले, तरी हसत होत्या.

"आली ना टाळी?" त्या म्हणाल्या. "वडशाची गाडी हाय, लेटच येते."

हे मात्र त्या इतक्या हळू बोलल्या, की शेजारी बसलेल्या मलाच तेवढं ऐकू आलं.