आईनं हिसकावलेली केरसुणी

माझ्या आईनं सासूच्या हातातली केरसुणी हिसकावून घेतली होती.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा. चाळीसच्या दशकात. पुणतांब्यात!

काल दुपारी आई गेली. फोनवर सगळे म्हणताहेत, "किती शांत बाई होत्या हो." शांत? डोंबल. ऐका.

माझे आजोबा, म्हणजे आईचे सासरे, सुतार. नांगर, वखर, बैलगाड्या करायचे. पण त्यांचा खरा जीव गळाच्या काठ्यांत. साखर कारखान्यावरचे गोरे साहेब गोदावरीवर मासे धरायला यायचे, ते आजोबांकडून काठ्या करून घ्यायचे. एकदम कस्टम काम. बांबूच्या पट्ट्या तासून चिकटवायच्या, काठीवर पितळी कड्या बसवायच्या आणि प्रत्येक कडी रेशमाच्या वेढ्यांनी बांधायची. रेशीम येवल्याचं, पैठणीचं. वेढ्याला वेढा असा चिकटून, की मधे केस जाणार नाही.

मग वर वार्निश.

आणि वार्निश ओलं असेपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला. कारण त्यावर धूळ बसली की बसली. खरवडायला जावं तर खालचं रेशीम तुटतं. म्हणजे सगळं सोडून पहिल्यापासून.

त्या वेळी एक गोष्ट फक्त आजोबांना आणि आईला माहीत होती.

आजोबांना दिसत नव्हतं.

आईला कसं कळलं, तर आजोबा लाल म्हणून हिरवं रेशीम गुंडाळत बसले होते. आई घाबरत म्हणाली, "मामंजी, ह्यो हिरवा हाय."

आजोबांचे हात थांबले.

"तुज्या सासूला सांगू नगंस. तिला कळलं तर ती मला पटाशीसुदीक हातात धरू देनार न्हाई."

तेव्हापासून डोळे आईचे, बोटं आजोबांची. एका साहेबानं सांगितलेली काठी अशीच झाली. रोज दुपारी आजी वावरात गेली, की हे दोघं कामाला. आता हिच्यानंतर दुसरी काठी होणार नाही, हे आजोबांना पक्कं माहीत होतं.

वार्निश लावलं तो दिवस भर उन्हाळ्यातला. पडवीत फुफाटा नुसता. म्हणून काठी आतल्या खोलीत आडवी टांगली. आईनं लग्नातला शेला धुऊन तिच्यावर छतासारखा ताणला. दाराला ओलं लुगडं लावलं.

"पानी दाराशीच ठेव," आजोबा म्हणाले. "काठीजवळ आनू नगंस, वार्निश पांढरं पडतंय."

सगळं नीट चाललं होतं. पण दिवेलागण आली.

दिवा लावायच्या आधी घर झाडायचं. लक्ष्मी यायची वेळ, घरात केर नको. आजी एक वेळ जेवण चुकवील, हे नाही चुकवणार. तिनं लुगडं बाजूला सारलं आणि केरसुणी घेऊन खोलीत वाकली.

"आत्याबाई, आज नगा."

"का?"

"वार्निश वलं हाय. धूळ बसंल."

"बसू दे. परत करतील. त्यांच्या हाताला काय लागतंय?"

आता सांगा, काय बोलणार ती? परत होणार नाही असं म्हटलं, की पुढचा प्रश्न, का? आणि त्या 'का'ला उत्तर द्यायचं नव्हतं.

आजीनं केरसुणी जमिनीला टेकवली.

आईनं ती ओढून घेतली आणि पाठीमागं धरली.

अहो, केरसुणी म्हणजे लक्ष्मी! तिला चुकून पाय लागला तरी आपण नमस्कार करतो. आणि नवी सून सासूच्या हातातून हिसकावतीय!

"आयबापानं हेच शिकवलं व्हय? चल निघ. आत्ताच्या आत्ता कोल्हारला जा, तुज्या आईच्या घरी!"

आई जागची हलली नाही. मला सांगायची, "केरसुनी सोडली न्हाई गं. म्हनलं, संपलं आपलं नांदनं."

आजोबा ओट्यावर होते. ते उठले आणि भिंत चाचपत आत आले. इतके दिवस चार लोकांत चाचपायचं टाळत होते. त्या दिवशी नाही टाळलं.

"तिला बोलू नगंस. मला दिसत न्हाई. ह्या काठीचं रेशीम तिच्या डोळ्यांनी गुंडाळलंय. ही बिघडली, तर माज्या हातून परत व्हायची न्हाई."



बाहेर गुरं परतली. घंटा वाजायला लागल्या, रस्त्यावर धुरळा उठला. तशी आजी लगबगीनं गेली आणि बाजूला सारलेलं लुगडं दाराला तिनं स्वतः लावलं. शिवाय उंबऱ्यात आडवी बसली. दिवा तिनं न झाडलेल्या घरातच लावला.

"लक्ष्मी थांबंल आजच्या दिस दाराशी," म्हणाली. "बाईच हाय ती बी. समजून घेईल."

काठी वाळली. आजोबांनी प्रत्येक वेढ्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "कन लागला का गं कुठं?"

"न्हाई मामंजी. आरशागत हाय."

एक कण होता. शेवटच्या कडीपाशी. आईनं हे मला मरायच्या थोडं आधी सांगितलं, आणि गालात हसली.

काल तिन्हीसांजेला तिला नेलं. माणसं वेशीपर्यंतही गेली नसतील, वहिनीनं केरसुणी उचलली. तिचं काही चुकलं नाही. रीतच आहे, गेलेल्या माणसामागं घर झाडायचं.

मी तिच्या हातातून काढून घेतली.

"अक्का, अहो हे काय?"

म्हटलं, "आज राहू दे वहिनी. जमिनीवर आईच्या पायाची धूळ आहे. तेवढी बसू दे."

वहिनी रडली. मग मी पण.

आई, घर झाडलेलं नाही. दिवा लावलाय.

ये आता.