फुकटचे गणवेश

चर्चच्या तळघरात मला इंग्रजी शिकवायचे. मला! नागपूरला कॉलेजात फिजिक्स शिकवून आलेल्या बाईला एक सत्तरीच्या अमेरिकन बाई "धिस इज अ बस" म्हणायला लावायच्या, आणि मी म्हटलं की टाळ्या वाजवायच्या. २००५च्या सुमाराची गोष्ट. नवरा अमेरिकेत, सिअ‍ॅटलजवळच्या बॉथेलमध्ये सॉफ्टवेअरमध्ये, आणि मी त्याच्या मागोमाग एच-फोर व्हिसावर. म्हणजे नोकरी करायची नाही, आणि गाडी चालवता येत नाही म्हणून कुठं जायचंही नाही. चर्च आमच्या अपार्टमेंटपासून चालत जाण्याएवढं जवळ होतं, वर्ग फुकट होता आणि वर कॉफी मिळायची. दिवसभर डिशवॉशरशी गप्पा मारण्यापेक्षा ते बरं.

तिथं ती भेटली. झांबियाची, माझ्याहून थोडी मोठी, कायम इस्त्रीच्या कपड्यांत. तिचं शिक्षणच इंग्रजीत झालेलं, आमच्या टीचरबाईंपेक्षा स्वच्छ बोलायची. पण आफ्रिकेतून आली म्हटल्यावर कुणी विचारलं नाही की सवरलं नाही, सरळ "धिस इज अ बस"च्या रांगेत बसवून टाकलं. ती बसली. तिचा नवरा त्याच चर्चचं गायनमंडळ सांभाळायचा, आणि त्याच्या व्हिसाचे कागद चर्चच करणार होतं. "नको" म्हणायची तिला सोय नव्हती. व्हिसावर आलेल्या बायकोला हे समजावून सांगावं लागत नाही, त्यामुळे आमचं लगेच जमलं.

तिच्या गावी तिची धाकटी बहीण शिवणकाम करायची. एकटी नाही, गावातल्या विधवांना घेऊन. मधल्या काळात तिथं आजारानं तरणीताठी माणसं पटापट गेली. तेव्हा तिथल्या पाद्र्यानं नुसतं प्रवचन दिलं नाही. चर्चची एक खोली रिकामी करून दिली, पायाच्या मशिनी मिळवल्या, आणि गावच्या शाळेकडून शब्द घेतला की दरवर्षीचे गणवेश ह्या बायकांकडूनच शिवून घ्यायचे. हे मुद्दाम सांगते, नाहीतर चर्चचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं असं वाटायचं कुणाला. त्या पाद्र्याला मी हात जोडले असते. त्या बायकांची चूल त्या गणवेशांवरच पेटायची. बाकी काही शिवायला येणार कोण? बाजारात अमेरिकेचे जुने कपडे ढिगानं पडलेले, मातीमोल.

आणि एके दिवशी सकाळी टीचरबाई वर्गात नाचतच आल्या. जवळच्या एका खाजगी शाळेनं गणवेश बदलला होता आणि जुने सगळे चर्चला देऊन टाकले होते. ते कंटेनरमधून आफ्रिकेला जाणार. "आणि कुठं, ओळख पाहू?" तिचे दोन्ही हात हातात घेऊन त्या म्हणाल्या. "तुझ्या गावच्या शाळेला! खास तुझ्यासाठी!"

ती "थँक यू" म्हणाली. दुसरं काय म्हणणार? नंतर बाथरूममध्ये बेसिनचा नळ वाहता सोडून मला म्हणाली, "शाळेला फुकट मिळाले तर माझ्या बहिणीचे कोण घेणार?"

बिचारीनं प्रयत्न केला नाही असं नाही. टीचरबाईंना जाऊन म्हणाली, तिथं गणवेश शिवणाऱ्या बायका आहेत. टीचरबाईंनी छातीवर हात ठेवला. "हो का? मग ह्या वर्षी त्यांनाही जरा आराम!"

आराम! कप्पाळ तुमचं! मी घरी येऊन नवऱ्यापुढे भडाभडा बोलले. तो म्हणाला, "यार, तू कशाला मध्ये पडतेस? चांगल्या मनानं देतायत ना लोक." चांगलं मन! त्या चांगल्या मनाचाच मला तेव्हा सगळ्यात जास्त राग यायचा, आणि अजून येतो. वाईट मनाच्या माणसाशी निदान भांडता तरी येतं.

खोकी भरायच्या दिवशी आम्हा वर्गातल्या सगळ्यांना मदतीला बोलावलं. लांब टेबलांवर हिरव्या चौकड्यांचे स्कर्ट, शर्ट, खिशावर त्या शाळेचं बोधचिन्ह. टीचरबाईंना कामातही शिकवायची हौस, म्हणाल्या, "जुन्या कपड्यांचं तुमच्या देशात काय करतात, प्रत्येकानं इंग्रजीत सांगा." मी सांगितलं. आमच्याकडे बोहारीण येते. दारात बसते. एकेक साडी उजेडात धरून बघते, विटलीय म्हणते, विरलीय म्हणते. आम्ही म्हणतो, अगं जरीची आहे, डोळे आहेत का? तासभर घासाघीस होते, मग ती एक स्टीलचं पातेलं देते आणि कपडे घेऊन जाते. ती कुणाचे उपकार मानत नाही आणि आम्ही पुण्य केलं असं कुणी समजत नाही. जुना कपडा म्हणजे जुना कपडा.

"सो चार्मिंग!" टीचरबाई म्हणाल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कंटेनरची व्यवस्था बघणारे एक रिटायर्ड गृहस्थ खोक्यांवर पट्ट्या चिकटवत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, हे पाठवू नका. त्या गावात चर्चनंच बायकांना शिवणकामाला लावलंय. द्यायचंच असेल तर त्यांना कापड द्या, आणि गणवेश त्यांच्याकडून विकत घ्या.

"पण हे तर फुकट आहेत," ते म्हणाले. अगदी प्रेमानं. जणू मला बेरीज येत नव्हती.

"तुम्हाला फुकट. त्यांचं पोट जाणार त्यात."

"आपण हे प्रेमानं देतोय."

"मग ते प्रेम दुसरीकडे कुठं तरी नेऊन टाका!"

टीचरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, कुणीतरी त्यांना खुर्ची दिली, मला पाण्याचा ग्लास दिला, आणि खोकी भरणं पुन्हा सुरू झालं. माझ्या फिजिक्सच्या इंग्रजीत मी एवढं बोलले, त्यावर आमच्या चर्चचे मुख्य पाद्री माझ्या पाठीवर थोपटून म्हणाले, "तुझं इंग्रजी फारच सुधारलंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या नवऱ्याला ऑफिसात बोलावून विचारलं, तुम्ही दोघं इथं सुखी आहात ना? तेवढंच. फार गोड आवाजात. तिनं मला पार्किंग लॉटमध्ये गाठलं. "तुला कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला? तुझ्या नवऱ्याचे कागद कंपनी करते. माझ्या नवऱ्याचे हे लोक करतात!" मी म्हटलं, मग काय बहिणीचा गळा कापताना बघत बसायचं? ती म्हणाली, "हो. बसायचं." पुढं बरेच दिवस ती माझ्याशेजारी बसली नाही. मी बोलले ते बरोबरच होतं, आजही म्हणेन. पण कंटेनर गेला तो गेलाच.

ती परत बोलली ती उन्हाळ्यात. कॉलिंग कार्डावरून बहिणीशी बोलणं झालं होतं. गणवेश पोचले, पण अमेरिकन पोरांच्या मापाचे ते. तिथली दोन पोरं एकात मावतील. मग पाद्र्यानं त्याच बायकांना बोलावलं आणि सांगितलं, कमरा आवळा, खालून कापा, दुमडून शिवा. मजुरी नाही. देणगीतल्या कपड्याची मजुरी कशी घ्यायची? देवाची सेवा म्हणून करायचं. पाद्री तोच, ज्यानं मशिनी मिळवल्या होत्या. पण त्याच्या चर्चचं छप्पर इकडून येणाऱ्या पैशांवर व्हायचं होतं. त्याला तरी कुठं "नको" म्हणायची सोय होती! बायकांनी आपल्याच मशिनींवर, आपल्याच दोऱ्यानं आपलं वर्षाचं काम फुकटात करून दिलं. मला शिव्या सुचत होत्या, पण सगळ्या मराठीत.

पुढच्याच आठवड्यात टीचरबाईंनी वाचनासाठी चर्चचं बातमीपत्र वाटलं. पहिल्याच पानावर फोटो: हिरव्या चौकड्यांच्या गणवेशातली मुलं, मागे ओळीनं उभ्या बायका. "आज तूच वाच," त्या तिला म्हणाल्या. "तुझ्याच गावचं आहे."

ती उभी राहिली आणि वाचू लागली. "गावातील महिलांनी मोठ्या आनंदाने, विनामोबदला, सर्व गणवेश मुलांच्या मापाचे करून दिले."

"सुंदर! फक्त 'विनामोबदला' जरा ठासून म्हण. पुन्हा एकदा."

तिनं पुन्हा वाचलं. ठासून. मग फोटोतल्या एका बाईवर बोट ठेवून म्हणाली, "ही माझी बहीण."

"ओ माय! किती अभिमान वाटत असेल तुला!"

टीचरबाईंनी टाळ्या सुरू केल्या. शेजारची कोरियन बाई वाजवायला लागली, मग मागची दोन मेक्सिकन पोरं, मग सगळा वर्ग. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. ती उभीच होती, कागद हातात धरून. टीचरबाई तिच्याकडे बघून हसत होत्या, वाट बघत होत्या. तिनं कागद टेबलावर ठेवला आणि तीही टाळ्या वाजवायला लागली.