इम्प्रेसममधली अकरा नावं

पद्माकर मेश्राम वर्तमानपत्र हातात घेतलं की बातम्या सोडून आतल्या पानावरची एक चौकट शोधतात. जर्मन वर्तमानपत्रांत बारीक टायपात ही चौकट असते. तिला इम्प्रेसम म्हणतात. राजकारणाला कोण जबाबदार, व्यापाराला कोण, लंडनहून कोण लिहितं, अशी नावं तिच्यात असतात. उद्या मजकुरावरून खटला झाला, तर कोर्टात कुणाला उभं करायचं हे वाचकाला आधीच ठाऊक असावं, हा हेतू. "आपल्याकडे हे असतं तर निम्मे संपादक आजारी पडले असते," असं मेश्रामकाका म्हणतात.

लंडनच्या हॅरो उपनगरातल्या त्यांच्या घरात वरच्या खोलीत मी दीड वर्ष राहतो आहे. मी चिखलीचा, नगरपरिषदेच्या शाळेत शिकलेला, वॉटफर्डला नोकरी करणारा. जर्मन मला येत नाही. काकांचा राग मात्र मला आता कुठल्याही भाषेत कळतो.

काका नागपूरचे. तिथे एका छापखान्यात बाइंडिंगला होते. बाबासाहेबांना जर्मन येत होतं एवढ्या एका कारणासाठी विद्यापीठाच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं आणि पहिले आले. एकोणऐंशी साली हॅम्बुर्गच्या 'एल्बब्लाट' या दैनिकाच्या लंडन कचेरीत कात्रणं सांभाळायला लागले. हे वर्तमानपत्र कोणी वाचलं नाही तरी चालेल, पण मंत्र्यांना वाचावंच लागे, असा त्याचा दरारा. बत्तीस वर्षं काकांनी ते कापलं, चिकटवलं, विषयवार लावलं. कचेरी बंद झाली तेव्हा कपाटं भंगारात गेली. विषयसूची काकांच्या डोक्यात राहिली.

म्हणून गेल्या वर्षी दैनिकाला सव्वाशे वर्षं होत असताना हॅम्बुर्गहून पत्र आलं. इतिहासाचा ग्रंथ निघतोय, लंडनचं प्रकरण तुम्ही लिहा. काका इतके खूश झाले की त्यांनी नवा चष्मा केला. आठ महिने मेट्रोपॉलिटन लाइनने रोज ग्रंथालयात गेले आणि जुन्या अंकांच्या मायक्रोफिल्म पाहत बसले. सवयीप्रमाणे आधी इम्प्रेसम. तिथेच ते अडकले.

एकोणीसशे तेहेतीसच्या एप्रिलमध्ये चौकटीतली दोन नावं गेली. जुलैत तीन. नव्या वर्षाच्या पहिल्या अंकात सहा. सगळे ज्यू. पानावर याबद्दल एक ओळ नाही. चौकट तेवढीच राहावी म्हणून उरलेल्या नावांमधली जागा वाढवली होती. "बघ," काका मला प्रिंट दाखवत म्हणाले, "कंपोझिटरने किती सफाईनं केलंय. हात वाखाणण्यासारखा आहे हरामखोराचा."

अकरावं नाव लंडनच्या बातमीदाराचं होतं. डॉक्टर एर्विन साल्ट्झमन. ते वाचून काका त्या दिवशी जेवले नाहीत. कारण या माणसाचं पत्र त्यांनी हातात धरलेलं होतं.

एक्क्याऐंशी साली लंडनच्याच फिंचली भागातून ते कचेरीत आलं होतं. म्हाताऱ्याचं कापरं अक्षर. 'इम्प्रेसममधून माझं नाव कोणत्या कारणाने काढलं ते कृपया कळवावं. हे माझं बत्तिसावं पत्र आहे.' काकांनी कर्मचाऱ्यांची यादी पाहिली. त्यात साल्ट्झमन नव्हते. अर्थात नव्हते. मग नियमाप्रमाणे त्यांनी पत्रावर 'वाचकांचा पत्रव्यवहार' असा शिक्का मारला आणि फाइल केलं. तेहेतिसावं पत्र आलं नाही.

"मी शिक्का मारला," काका म्हणाले. "सरळ मारला. वाकडा पडला तर साहेब बोलायचा."

मी म्हटलं, तुम्हाला काय माहीत होतं तेव्हा.

"आमच्या शाळेचं सभागृह आमच्या वस्तीनं विटा वाहून बांधलं. स्मरणिकेत देणगीदारांची चार पानं नावं, आमच्यातलं एक नाही. मी हेडमास्तरांना विचारलं, तर ते हेच म्हणाले. आम्हाला काय माहीत."



प्रकरण मार्चमध्ये गेलं, अकरा नावं आणि तारखांसकट. ऑगस्टमध्ये छपाईपूर्व प्रत आली. चौदा पानांची तीन झाली होती, आणि अकरा माणसांचं एक वाक्य झालं होतं. 'बदललेल्या परिस्थितीत काही सहकाऱ्यांनी दैनिकाचा निरोप घेतला.'

"निरोप घेतला," काका म्हणाले. "बाळंतविडा देऊन पाठवलं असेल."

ग्रंथाचं काम पाहणाऱ्या श्रीमती ब्रिंकमन यांच्याशी व्हिडिओ कॉल ठरला. काकांनी जर्मनमध्ये सुरुवात केली आणि दोन मिनिटं जे काही बोलले त्यात त्यांची मान लाल झाली, हात तीनदा टेबलावर आपटला. मग मी सांगितलं, "काका, तुम्ही म्यूटवर आहात." एवढा राग दुसऱ्यांदा काढणं सोपं नसतं. दुसऱ्या वेळी ते हळू बोलले. बाईंनी जर्मनला इंग्रजीत उत्तर दिलं, ते मला फार झोंबलं.

"मिस्टर मेश्राम, जागेची फार अडचण आहे. आणि हा उत्सवाचा ग्रंथ आहे."

"अकरा नावांना चार ओळी लागतात. तुमच्या नव्या छपाई यंत्राला अख्खं पान दिलंय."

"तुमच्या भावना आम्ही समजतो."

"भावना नाहीत, तारखा आहेत."

"तुमचं नाव मात्र आम्ही ठेवलंय," बाई गोड हसल्या. "ग्रंथाच्या इम्प्रेसममध्ये. लंडन प्रकरणाला जबाबदार, पद्माकर मेश्राम, हॅरो."

काकांनी लॅपटॉप बंद केला. मग उघडून 'माझं नाव काढा' अशी ईमेल लिहिली. उत्तर आलं की ग्रंथ छापायला गेला.

म्हणजे आता अकरा माणसं निरोप घेऊन गेली होती आणि त्याला जबाबदार पद्माकर मेश्राम होते.

लंडनमधला प्रकाशन समारंभ ऑक्टोबरात एका शनिवारी दुपारी होता. त्या सकाळी हॅरोच्या स्वयंपाकघरात काका मैद्याची खळ शिजवत होते. त्यांची मुलगी धम्मशीला स्टॅनमोरहून आली होती. ती सॉलिसिटर आहे, जन्म इथलाच. तिने पातेल्यात डोकावून पाहिलं.

"बाबा, हा पुस्तक already छापला आहे ना? Legally तुम्ही काय करणार?"

"पुस्तक छापून झाल्यावर चूक सापडली तर काय करतात? नागपूरला मी हजारो वेळा केलंय. शुद्धिपत्र लावतात."

वील्डस्टोनच्या दुकानातून त्यांनी पट्ट्या छापून आणल्या होत्या. वर जर्मनमध्ये 'शुद्धिपत्र'. खाली निरोपाचं वाक्य, त्याच्या जागी काय वाचावं ते, आणि अकरा नावं, खातं आणि नाव काढल्याची तारीख. तळाशी 'जबाबदार: प. मेश्राम'.

"हे trespass नाही, पण rude आहे," धम्मशीला म्हणाली. मग कोट काढून बाह्या सरसावल्या. "ब्रश कुठे आहे?"

आम्ही समारंभाच्या तासभर आधी पोचलो. निवृत्त कर्मचारी मदतीला आलेत असं समजून दारावरच्या माणसाने आभार मानले. टेबलावर एकशे वीस प्रती रचलेल्या होत्या. मी पुस्तक उघडायचो, धम्मशीला खळ लावायची, काका पट्टी ठेवून तळहाताने दाबायचे. शुद्धिपत्र नुसतं कडेला चिकटवायची पद्धत आहे. काकांनी सबंध पाठीला खळ लावायला सांगितली. आणि जागा निवडली प्रकाशकाच्या प्रस्तावनेखालची. तिथे अर्धं पान कोरं होतं. जागेची अडचण कुठे दिसेना.

ऐंशीव्या प्रतीला श्रीमती ब्रिंकमन आल्या. त्यांनी एक पुस्तक उघडलं, वाचलं. आता त्या जर्मनमध्ये बोलल्या, काकांनीही जर्मनमध्येच उत्तर दिलं. धम्मशीलाने नंतर काकांना विचारून मला अर्थ सांगितला.

"हा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

"तुम्ही. इम्प्रेसममध्ये."

बाईंनी सहायकाला पट्ट्या काढायला सांगितलं. त्या बिचाऱ्याने नखाने कोपरा उचलला आणि ओढला. पट्टी निघाली, सोबत प्रस्तावनेचं अर्धं पान आणि प्रकाशकांची सहीही आली. तो फाटकं पुस्तक हातात घेऊन बाईंकडे बघत राहिला. बाहेर पाहुण्यांचे आवाज यायला लागले होते.

"सगळी फाडायची का?" त्याने इंग्रजीत विचारलं.

 बाई दाराकडे गेल्या आणि पाहुण्यांशी हसून हात मिळवू लागल्या. पहिल्या म्हाताऱ्या बाईने टेबलावरची वरची प्रत उचलली, उघडली, चष्मा वर केला आणि तिथेच उभ्याने वाचू लागली.

मला वाटलं आता काका बसतील. तासभर उभे होते, गुडघ्यांचा त्रास आहे.

"अजून चाळीस राहिल्या," काका म्हणाले. "आण पुढची. खळ वाळतेय."